शेवटच्या कडव्यातलं नाव

मुखेडच्या बाजारात केवळाबाईनं ती बातमी दिली आणि तीही निम्मीच. केवळाबाईची सगळी कामं अशीच निम्मी. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून लातूरला गेली आणि बाळाचे कान टोचायच्या आत परत आली. तिथं जयंतीच्या गाण्यांना जाऊन बसली, तर तीही पुरती ऐकली नाहीत. पण जेवढं ऐकलं तेवढं सांगायला ती नागुबाईला भर बाजारात शोधत आली, हे तिचे उपकारच म्हणायचे.

"तुझं दगडाचं गाणं गं," ती म्हणाली, "लातुरात एक पोरगी गाऊन राहिली. हुबेहूब तेच. फोड गं दगड, फोड गं बाई."

नागुबाई मिरच्या निवडत होती. तिचा हात थांबला.

"छाप कुणाची हाय?"

"कशाची?"

"शेवटाला नाव येतं की गाण्यात. कुणाचं आलं?"

"तेवढं न्हाई ऐकलं बाई. नातू रडाय लागला, मंग मी उठून आले."

नागुबाईला त्या तान्ह्या लेकराचा असा राग आला, की नंतर तिला स्वतःचीच लाज वाटली. मिरच्या तशाच टाकून ती घरी आली.

गायन पार्ट्यांमधल्या माणसांना छाप म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ज्यानं गाणं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, ती छाप. अमका म्हणे, तमकी सांगे. गाणं गावोगाव फिरतं, चाल बदलते, मधली कडवी गळतात, पण छाप राहिली तर गाणारा नसला तरी त्याचं नाव फिरत राहतं. आणि दगडाच्या गाण्याच्या छापेपायी नागुबाईचं असं काही गेलं होतं, की अकरा वर्षं झाली तरी ते तिला सापडलं नव्हतं.

ते सगळं बहात्तरच्या दुष्काळातलं. मुखेडहून डोंगरापलीकडं जाणाऱ्या रस्त्याचं काम सरकारनं काढलं, आणि अलीकडच्या नांदेड जिल्ह्यातली न् पलीकडच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली माणसं एकाच ठिकाणी खडी फोडायला येऊन बसली. खायला रेशनची लाल मिलो ज्वारी न् सरकारनं वाटलेली सुकडी. जमीनवाल्यांच्या बायका आणि आपल्या वस्तीतल्या बायका जन्मात पहिल्यांदा एका ओळीत बसल्या. दगड फोडताना कोण कुणाची ते कुणाला आठवत नसे. पाण्याच्या पिंपापाशी गेलं, की मात्र सगळ्यांना सगळं नेमकं आठवायचं.

त्या पिंपापाशीच चांगुणा भेटली. नागुबाई ओंजळ धरून लांब उभी होती, कुणी वरून ओतेल म्हणून. मागून एक उंच, हाडकुळी बाई आली, पिंपावरचा मग उचलला, बुडवला, स्वतः घटाघटा प्याली, पुन्हा बुडवला आणि नागुबाईपुढं धरला.

"पी गं. पाणी सरकारचं हाय. आपुन कामून लाजायचं?"

मुकादम ओरडला, दोनचार बायकांनी तोंडं फिरवली. चांगुणानं त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्या दिवसापासून दोघी एकाच ढिगाला बसायला लागल्या. मध्ये दगड, अलीकडं नागुबाई, पलीकडं चांगुणा, दोघींच्याही बोटांना जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधलेल्या. एकीची हातोडी पडली की दुसरीची उठायची. त्या ठेक्यातच गाणं सुरू झालं. नागुबाईला शब्द सुचायचे. चांगुणा ते डाव्या हातानं कान झाकून, हनुवटी पुढं काढून अशा काही चालीत म्हणायची, की आपल्याच शब्दानं नागुबाईच्या अंगावर काटा यायचा.

नागुबाईला सासरी कुणी नावानं हाक मारत नव्हतं. सुरुवातीला ती निवृत्तीची बायको होती, मुलगा झाल्यावर नरसिंगची माय झाली. चांगुणा तिला 'नागे' म्हणायची. नुसतं 'नागे'. ते ऐकायला नागुबाई पहाटेच कामावर जाऊन बसे, आणि मुकादमाला वाटे, बाई लई कष्टाळू आहे.

गाणं पुरं व्हायला आलं आणि छापेवर घोडं अडलं. शेवटचं कडवं असं होतं:

*अमकी म्हणे बाई, होऊ दे वाट,
वाटेनं वाटेनं पडंल गाठ.*

त्या 'अमकी'च्या जागी कोण? नागुबाई म्हणाली, शब्द माझे, नाव माझं. चांगुणा म्हणाली, चाल माझी, गळा माझा, मी म्हटलं नसतं तर तुझे शब्द दगडातच राहिले असते. खरी पंचाईत ही होती, की 'नागू' म्हटलं तरी ठेक्यात बसायचं आणि 'चांगू' म्हटलं तरी बसायचं. एक नाव लांब असतं, तर भांडण आपोआप मिटलं असतं. दोघी इरेला पेटल्या. आठ दिवस एकाच ढिगाला बसून दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नाहीत, हातोड्या मात्र ठेक्यात पडत राहिल्या.

नवव्या दिवशी पलीकडच्या लोकांचं काम संपलं. त्यांना न्यायला ट्रक आला. चांगुणा वर चढली, ट्रक हलला, आणि तिनं मोठ्यानं हाक मारली, "नागे!"

नागुबाईनं मान वर केली नाही. हातातला दगड फोडत राहिली. तिला वाटलं, उद्या बोलू. आता उद्या ती येणार नाही, हे तिच्या डोक्यात ट्रकचा धुरळा खाली बसल्यावर शिरलं. चांगुणाचं गाव कोणतं, आडनाव काय, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. 'चाकूरकडची' एवढंच सगळे म्हणायचे. तिनं एकदा निवृत्तीकडून कार्ड लिहून घेतलं: 'चांगुणा, खडी फोडणारी, उंच, चाकूरकडची, जिल्हा उस्मानाबाद.' कार्ड महिन्यानं परत आलं. पोस्टमन आठवडाभर हसत होता.

पुढं निवृत्तीनं पेटी घेतली, गावाची गायन पार्टी उभी राहिली, आणि नागुबाई त्यात दगडाचं गाणं म्हणू लागली. छाप स्वतःची घालून. 'नागू म्हणे बाई.' अडवायला आता कोण होतं? गाणं चालायचं, लोक मान डोलवायचे, आणि ते शेवटचं कडवं नागुबाई दर खेपेला घाईघाईनं उरकायची. जिंकलेलं नाव तोंडात घेताना असं का व्हावं, ते तिला कळे, पण ती कुणाला सांगत नसे.

आपल्याकडं उन्हाळा म्हणजे गाण्याचा हंगाम. शेतात काही नसतं, विहिरीत तर त्याहून नसतं. चैत्रातल्या जयंतीपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत पार्ट्या फिरत राहतात आणि त्यांच्या मागं ऐकणारी माणसं. भाकरी-चटणी फडक्यात बांधायची, लेकरं काखेला मारायची आणि निघायचं. नांदेड, देगलूर, उदगीर, कुठंही. अकरा उन्हाळे नागुबाई असं एकही ठिकाण चुकली नाही. बायकोला गाण्याचं भारी वेड, असं निवृत्ती कौतुकानं सांगे. ते जुनं कार्ड तो केव्हाच विसरला होता; त्याला काय माहीत, की मंडपात शिरल्याबरोबर ती आधी बायकांची बाजू डोळ्यांखालून घालते, एखादं उंच, हाडकुळं माणूस दिसतंय का म्हणून. उदगीरला एकदा तिनं एका परक्या बाईचा हात मागून धरला होता आणि माफी मागताना तिला रडू फुटलं होतं.

फक्त पलीकडच्या जिल्ह्याची मोठी गाणी उस्मानाबादेला होत, आणि ते फार लांब. आता गेल्या पावसाळ्यात लातूर जिल्हा झाला होता. लातूरकरांचे पाय तेव्हापासून जमिनीला लागत नव्हते. दुकानांच्या पाट्यांवर 'जि. लातूर' ओलं असतानाच त्यांनी नव्या जिल्ह्याचा पहिला गायन मेळा जाहीर केला. वैशाखी पौर्णिमेला, तीन दिवस. नांदेड, परभणी, बीदर, सगळीकडच्या पार्ट्यांना बोलावणं. निवृत्तीच्या पार्टीलाही कार्ड आलं.

कार्डावर लिहिलं होतं, की बायका गाणार असलेल्या पार्ट्या सकाळी आठ ते अकरा. निवृत्तीला हे झोंबलं.

"सकाळच्या पारी कोण ऐकतंय? लोकं तोंड धुऊन राहिलेली असत्यात. जाऊच नाही म्हणतो मी."

"मी जाणार," नागुबाई म्हणाली.

"एकटी?"

"पेटी देत असाल तर पेटीसंगं. न्हाई तर एकटी."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण बायकोचा असा आवाज निवृत्तीनं ऐकला नव्हता. त्यानं पेटीचा भाता साफ करायला घेतला.

निघाले त्या दुपारी मुखेडच्या स्टँडवर बस यायला उशीर होता. निवृत्तीला लिहिता-वाचता येत होतं, आणि दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची त्याला खोड होती. पाणपोईवरची पाटी त्यानं वाचली: अमुक अमुक यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ.

"म्हंजी काय वो?" नागुबाईनं विचारलं.

"म्हंजी माणूस मेलं, की त्याच्या नावानं. जितंपणी पाणी विचारलं नसंल, पर पाटी बग केवढी!"

बस आली. गावं मागं पडली, आणि डोंगराच्या वळणावर नागुबाईनं खिडकीबाहेर मान काढली. हाच तो रस्ता. डांबराखाली कुठंतरी तिच्या हातची खडी होती, आणि तिच्या शेजारीच चांगुणाच्या हातची. रोज त्यावरून बस जाते, लग्नाची वऱ्हाडं जातात, कोंबड्यांच्या पाट्या जातात. होऊ दे वाट म्हणाल्या होत्या दोघी. वाट तर झाली होती. चांगुणाच्या गाण्यात माझं नाव असेल का, की तिनंही स्वतःचं घातलं असेल? घातलं असलं तरी चालंल, तिनं मनात म्हटलं. शंभरदा घाल बाई, फक्त दिस एकदा. असं म्हणून झालं, आणि दोन मैलांवर तिला पुन्हा वाटलं, शब्द तर माझेच होते. माणसाचं मन असं असतं, त्याला काय करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावरच्या मंडपात ते पोचले, तेव्हा निवृत्तीचा अंदाज साफ चुकलेला होता. सकाळच्या आठलाच माणूस मावत नव्हतं. बैलगाड्या सोडून, ट्रकमधून उतरून, रात्रीच्या भाकरीचे तुकडे मोडत लोक बसले होते. बीदरकडच्या बायका कन्नडात बोलत होत्या, आणि एका म्हातारीनं थेट मायक्रोफोनखालची जागा धरून ठेवली होती. नागुबाईनं नेहमीसारखी बायकांची बाजू पाहायला सुरुवात केली. पण ती बाजू मैदानाच्या पार टोकापर्यंत गेली होती, आणि सगळ्यांचे पदर पांढरे. बघता बघता डोळे दुखायला लागले.

सूत्रसंचालक हा एक नमुना होता. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि पोस्टात घालावं असं लांबलचक मराठी.

"यानंतर," तो म्हणाला, "चाकूर परिसरातील कुमारी पंचशीला, आपल्या मातोश्री चांगुणाबाई यांच्या स्मृतीतून अवतरलेलं दुष्काळगीत आपणासमोर सादर करीत आहे."

नागुबाईला दोनच शब्द ऐकू आले. चांगुणाबाई. स्मृती.

पाणपोईची पाटी तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. 'मला आठवतंय ते', एवढाही त्या शब्दाचा अर्थ होतो, हे तिला कोण सांगणार? तिच्या गावात तो शब्द फक्त पाट्यांवर होता आणि पाट्या फक्त मेलेल्यांच्या होत्या. तिनं पेटीच्या खोक्याला धरलं आणि खाली बसली. अकरा वर्षं ती शोधत होती, आणि सापडली ती अशी.

वर एक विशीतली पोरगी उभी राहिली. उंच, हाडकुळी. तिनं डावा हात कानावर ठेवला, हनुवटी पुढं काढली.

*फोड गं दगड, फोड गं बाई,
वाट ही जाती कुणाच्या गावी?*

तीच चाल होती. मध्ये जो एक हेलकावा चांगुणा घ्यायची, तो नागुबाईला कधी जमला नव्हता, म्हणून तिनं तो गाळून टाकला होता. तो हेलकावा इथं शाबूत होता. एकेक कडवं येत गेलं. एकही शब्द हललेला नव्हता. मग शेवटचं कडवं आलं.

*नागू म्हणे बाई, होऊ दे वाट,
वाटेनं वाटेनं पडंल गाठ.*

लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'नागू' कोण, हे त्या हजारो माणसांत कुणालाच माहीत नव्हतं. चाकूरकडच्या सगळ्या वस्त्यांत ही पोरगी हे नाव गात फिरली असणार. जे भांडून मागितलं, ते चांगुणानं देऊन टाकलं होतं, आणि आपण? आपण तिच्या पाठीमागं तिचं नाव पुसून आपलं घातलं. नागुबाईला मंडपातून उठून पळून जावंसं वाटलं. तिला आयुष्यात एवढी लाज कशाचीच वाटली नव्हती.

"यानंतर मुखेड तालुक्यातून आलेले, निवृत्ती आणि मंडळी!"

मंडळी म्हणजे नागुबाई. ती वर चढली. निवृत्तीनं पेटी मांडली आणि ठरलेलं गाणं काढायला सूर धरला.

"ते न्हाई," ती म्हणाली. "दगडाचं."

"आगं, आत्ताच झालं की ते! लोकं म्हणतील नक्कल करून राहिले."

"म्हणू द्या."

"येडी का काय तू? जिल्ह्याची इज्जत जाईल आपल्या!"

"अवं," नागुबाई हळू म्हणाली, "मला एकदा ते नीट म्हणू द्या. पुन्यांदा मागणार न्हाई."

निवृत्तीनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि सूर बदलला.

पहिली ओळ म्हटल्याबरोबर मंडपात कुजबुज झाली. कुणीतरी मोठ्यानं म्हणालंही, "आरं, तेच की हे!" बीदरच्या बायका हसल्या. नागुबाई थांबली नाही. तिनं डोळे मिटले, आणि समोर दगडाचा ढीग आला. अलीकडं आपण, पलीकडं ती. ट्यूबच्या पट्ट्या बांधलेली बोटं, पिंपावरचा मग. ज्या हेलकाव्याला ती अकरा वर्षं भीत होती, तो तिनं घेतला. नीट जमला नाही, आवाज फाटला. पण तिनं तो गाळला नाही. कुजबुज थांबली. बाईला रडू येतंय आणि ती गातेय, एवढं शेवटच्या रांगेपर्यंत कळत होतं. शेवटचं कडवं आलं. तिनं डोळे उघडले, मान वर केली आणि म्हटलं,

*चांगू म्हणे बाई, होऊ दे वाट —*

"चुकलं!"

बायकांच्या बाजूनं, अगदी मागून, पाण्याच्या पिंपापासून आवाज आला. खडा, रागीट आवाज. सगळ्या माना तिकडं वळल्या. पिंपापाशी एक उंच, हाडकुळी बाई उभी होती. केस पांढरे झालेले, हातात मग तसाच धरलेला, आणि त्यातलं पाणी तिच्या पायावर सांडत होतं.

"छाप चुकली गं, नागे!"

मंडप हसायला लागला. सूत्रसंचालक मायक्रोफोनकडं धावला आणि 'शांतता, शांतता' म्हणू लागला. पेटीवर निवृत्तीची बोटं तशीच राहिली. अकरा वर्षांपूर्वीच्या हाकेला जी मान वर झाली नव्हती, ती आता त्या बाईकडून फिरेना. मग नागुबाई मायक्रोफोनसमोरच, लहान पोरीसारखं नाक ओढत ओरडली,

"न्हाई चुकली! चाल तुझी हाय!"

"शब्द तुझे हायत!"

"थांब, मी येते खाली!"

आणि ती खरंच उतरली. पायऱ्या नव्हत्या त्या बाजूनं उतरली, लुगड्याचा काठ खिळ्यात अडकून फाटला, त्याकडंही तिनं पाहिलं नाही. बायका आपली लेकरं बाजूला ओढून तिला वाट करून देत होत्या. निवृत्ती थोडा वेळ पेटीवर सूर धरून बसला, बायको परत येऊन उरलेली ओळ म्हणेल या आशेनं. ती आली नाही. शेवटचं कडवं त्या दिवशीही निम्मंच राहिलं.